भोपळ्यातलं मीठ

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये एकतीस वर्षं मी रोज चारशे माणसांचं जेवण रांधलं. वेल्डर जेवले, मॅनेजर जेवले, तपासणीला आलेले साहेब जेवले आणि वर डबा बांधून घेऊन गेले. भरलेलं ताट कधी परत आलं नाही. आणि साडेसहा महिन्यांची, सात किलो वजनाची, तोंडात एकही दात नसलेली माझी नात माझं गाजर जिभेने बाहेर ढकलते, तेही माझ्या डोळ्यांत डोळे घालून! अपमान कशाला म्हणतात ते मला साठी उलटल्यावर कळलं.

झालं असं, की माझी लेक चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर तपासते. तिची रजा संपली. जावई पुलांच्या कामावर, महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी. मी रिटायर होऊन आठ महिने झालेले, खोलीत एकटा, पंख्याकडे बघत पडलेला. मी म्हटलं, पोरीला मी सांभाळतो. लेक हो म्हणाली. तिची सासू नाही म्हणाली.

विहीणबाई एके काळी मुख्याध्यापिका होत्या. शाळा सोडून सहा वर्षं झाली, पण अजून समोरचा माणूस गृहपाठ न करता आलाय अशाच बोलतात. दोन गल्ल्या सोडून राहतात. गुडघे दुखतात म्हणून मूल सांभाळणार नाहीत, पण ते कोणी सांभाळायचं हे मात्र त्याच ठरवणार. त्यांनी एक पाळणाघर बघून ठेवलं होतं. तिथे बाळांना दुकानातल्या काचेच्या बाटल्यांमधलं तयार खाणं भरवतात.

"बाटलीवर सगळं छापलेलं असतं," त्या म्हणाल्या. "आत काय आहे, किती आहे, कधीपर्यंत चालेल. तुमच्या हातावर काय छापलंय, व्याही?"

माझ्या हातावर भाजल्याचे तीन डाग आहेत. ते मी दाखवले. त्यांना पटले नाहीत.

शेवटी लेकीने तोडगा काढला. तीन आठवडे पोरगी बाबांकडे. तेवढ्यात ती नीट खायला लागली तर कायमची बाबांकडे. नाही खाल्लं तर चौथ्या सोमवारपासून पाळणाघर. डॉक्टरांचा कागद तिने फ्रिजच्या दाराला चिकटवला. एका वेळी एकच भाजी. तीन दिवस तीच द्यायची, अंगावर पुरळ येतं का बघायचं, मगच दुसरी. मध नाही, साखर नाही. वर्षाची होईपर्यंत मीठ चिमूटभरही नाही. त्या 'चिमूटभरही'च्या खाली लेकीने पेनने रेघ मारली होती. ती मला ओळखते.

मीठ घालू नको, हे आचाऱ्याला सांगणं सोपं आहे. त्याच्या हाताला कोण सांगणार? आमच्या कामात मीठ कोणी मोजत नाही. झाकण उचललं, पहिली वाफ तोंडावर आली, की डाव्या हातात झाकण असतं आणि उजवा मिठाच्या डब्यात गेलेला असतो. डोकं तोवर पुढच्या पातेल्यापाशी पोचलेलं असतं.

पहिला मान गाजराचा. मी गाजर पाण्यात उकडलं नाही, वाफवलं. पाण्यात उकडलं की चव पाण्यात जाते आणि मग माणसं भाजीला नावं ठेवतात. मऊ झाल्यावर मिक्सरमधून काढलं, बारीक चाळणीवर दोनदा घासलं, खालचंच थोडं पाणी घालून सैल केलं. उरलेलं बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून वर झाकण. गोठलं की खडे पिशवीत आणि पिशवीवर तारीख. कुठे ते माझं शंभर लिटरचं पातेलं आणि कुठे हे चार खडे! पण हसू नका. ओट्यापाशी उभं राहून कंबर तेवढीच दुखते.

बाईसाहेबांनी, म्हणजे नातीनेच, मी तिला बाईसाहेब म्हणतो, गाजर बाहेर ढकललं. तीन दिवस ढकललं. मग रताळं ढकललं. मटार ढकलला नाही, तो फुंकला, आणि माझ्या चष्म्याची एक काच हिरवी झाली. मी तिच्या खुर्चीसमोर वाटी घेऊन उभा, वाढप्यासारखा वाकलेला, "घ्या बाईसाहेब, थोडंसं घ्या" म्हणत. बाईसाहेब ओठ मिटून बसलेल्या.

विहीणबाई रोज चारच्या ठोक्याला तपासणीला हजर.

"आज किती चमचे?"

"पाच."

"पोटात किती?"

यावर मी पोरीचं तोंड पुसायला घ्यायचो.

खरं सांगतो, मला ती पोरगी हवी होती. दुपारी ती माझ्या छातीवर पालथी झोपायची, लाळेने बनियन भिजवायची, आणि झोपेत कसलासा हिशेब चुकल्यासारखा सुस्कारा टाकायची. आठ महिन्यांत मला कोणी 'जेवलात का' म्हणून विचारलं नव्हतं. तीही विचारत नव्हती, पण मी खोलीबाहेर गेलो की रडायची. माझ्यासाठी कोणीतरी रडतंय, हे सोडायला मी तयार नव्हतो.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी मी लाल भोपळा आणला. फोडी करून वाफवायला ठेवल्या आणि तेवढ्यात विहीणबाईंचा फोन आला.

"पाळणाघराचा फॉर्म आणलाय. सोमवारची जागा धरून ठेवायला सांगितलंय."

"अजून तीन दिवस आहेत!" मी फोन कान आणि खांद्यामध्ये दाबून ओरडलो.

"तीन आठवड्यांत जे झालं नाही, ते तीन दिवसांत होणार?"

"होईल नाही तर नाही होणार. पण मुदतीआधी निकाल कोण लावतं? शाळेत लावायचात का असा?"

मी झाकण आपटलं, त्यांनी फोन आपटला. रागारागात भोपळा वाटला, चाळला, गार केला आणि वाटी घेऊन बाईसाहेबांपुढे उभा राहिलो.

पहिला चमचा आत गेला. बाहेर आला नाही. मी वाट बघितली. तिने ओठ चाटले आणि तोंड उघडलं. दुसरा. तिसरा. हात आपटून आणखी मागायला लागली. सगळी वाटी संपली! मी स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली, कंबर धरली, तशाच अवस्थेत लेकीला दुकानात फोन केला. ती गिऱ्हाईक सोडून बोलायला आली आणि रडायलाच लागली. "बाबा, खरंच? सगळी?" तिने सासूला कळवलं. विहीणबाईंना यावर "बरं झालं" एवढंच म्हणावं लागलं. ते दोन शब्द मला एकतीस वर्षांच्या नोकरीतल्या सगळ्या शाबासक्यांपेक्षा गोड लागले.

मग मी वाटी धुवायला घेतली आणि सवयीने कडेचा भोपळा बोटावर घेऊन चाटला.

चव झकास होती. तिथेच माशी शिंकली. नुसता वाफवलेला भोपळा झकास लागत नाही. मी पुन्हा चाटला. मिठाच्या बरणीकडे बघितलं. ती शेगडीच्या उजव्या अंगाला होती, नेहमीसारखी, पण झाकण उघडं होतं.

पोरगी भरल्या पोटी ओट्याजवळच्या चटईवर झोपली होती, मी तिच्याशेजारी खाली बसलो. फ्रीजरमध्ये त्याच भोपळ्याचे बारा खडे गोठत होते. रोज दोन वाट्या. रविवारपर्यंत पोरगी मिटक्या मारत खाणार, सोमवारची जागा दुसऱ्या कोणाला जाणार, मंगळवारपासून मी गुपचूप मीठ कमी करत आणणार. कोणाला काय कळणार होतं? पोरीला बोलता येत नाही. हा सगळा बेत मी पाच मिनिटांत शिजवला. लाज वाटते सांगायला, पण शिजवला.

मग ती झोपेत हलली आणि तिने माझी करंगळी धरली. मी उठलो. आधी दवाखान्यात फोन लावला. तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, एकदाच गेलंय तर घाबरू नका, नेहमीसारखं दूध द्या, लंगोट ओले होतायत ना त्यावर लक्ष ठेवा, पण पुन्हा नको. फोन ठेवला आणि ट्रे कचऱ्याच्या डब्यात उपडा केला. मी अन्न टाकणारा माणूस नाही. ते बारा खडे मी स्वतः खाल्ले असते. पण ते घरात ठेवायची मला माझीच भीती वाटली.

संध्याकाळी लेक आणि विहीणबाई एकत्रच आल्या. लेकीच्या हातात माझ्यासाठी मिठाईचा पुडा. मी तो हातात घेतला नाही.

"भोपळ्यात मीठ होतं," मी म्हटलं. "मी घातलं. मुद्दाम नाही, पण मीच घातलं. दवाखान्यात विचारलंय, पोरगी ठीक आहे. उरलेलं टाकून दिलं."

लेकीने पोरीला उचललं, तिचं कपाळ, ओठ, डोळे बघितले. मग माझ्याकडे बघितलं. "बाबा, मी रेघ मारली होती."

त्यापेक्षा तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी हेच म्हणत होते," विहीणबाई म्हणाल्या. "जित्याची खोड आहे ती, जायची नाही. आता सांगा, भरवसा ठेवायचा कशावर?"

माफी माझ्या ओठांवर होती. दुपारपासून घोकून ठेवलेली. पण 'भरवसा' म्हटल्यावर माझं टाळकं सरकलं.

"विहीणबाई, बाटलीवर सगळं छापलेलं असतं, कबूल. पण आजवर कुठल्या बाटलीने तुम्हाला दारात गाठून सांगितलंय का, की आज माझं चुकलं? मी नसतं सांगितलं तर तुम्ही तो पुडा उघडून माझ्या तोंडात पेढा घातला असता! भरवसा यावर ठेवायचा. ठेवायचा नसेल तर नका ठेवू, पण चुकलो म्हणून मी मान खाली घालेन, हाकललंत म्हणून घालणार नाही."

विहीणबाईंनी लेकीच्या हातातला पुडा घेऊन बाजूला ठेवला.

"बोलून पोट भरत नाही," त्या म्हणाल्या. "मिठाशिवाय खाऊन दाखवू दे तिला. नाही तर सोमवार तो सोमवार."

"सोमवार कशाला? आत्ता!"

अर्धा भोपळा शिल्लक होता. मी मिठाची बरणी लेकीच्या हातात दिली आणि सुरी घेतली. दोघी ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. झाकण उचललं, वाफ आली आणि माझा उजवा हात शेगडीपलीकडे गेलाच. रिकाम्या जागेवर चिमूट मिटली. दोघींनी बघितलं. मी हात पॅन्टच्या खिशात घातला आणि बाकीचा स्वयंपाक डाव्या हाताने केला.

बाईसाहेबांनी पहिला चमचा घेतला, दुपारची चव शोधली, आणि सगळं हनुवटीवर सोडलं. दुसरा तसाच. तिसऱ्याला तोंडच उघडलं नाही. लेकीने मान फिरवली.

"अहो, हे अळणी खाणार कोण?" विहीणबाई म्हणाल्या. "मोठ्या माणसाच्या घशाखाली उतरणार नाही."

"मी खाणार!"

मी खुर्ची ओढली, पोरीच्या पुढ्यात बसलो, पातेल्यातला भोपळा दुसऱ्या वाटीत घेतला आणि विहीणबाईंकडे रोखून बघत चमचा तोंडात घातला. भयंकर होता. गोडसर, गिळगिळीत, आणि पुढे काहीच नाही. मी म्हटलं, "वा!" दुसरा चमचा. "वा! काय भोपळा आहे!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं की चवीचं, देव जाणे. मी थांबलो नाही. वाटी संपेपर्यंत उठायचंच नाही, असं ठरवून बसलो होतो.

पाचव्या की सहाव्या चमच्याला माझं मनगट जड झालं. बघतो तर बाईसाहेबांनी ते दोन्ही हातांनी धरलेलं. तीन आठवडे तिने मला वाटी घेऊन समोर उभा बघितला होता. ही गोष्ट माणसं खातात, हे तिला कोणी दाखवलंच नव्हतं. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग चमच्याकडे, आणि आ वासला.

"बाबा, तुमचा उष्टा चमचा नको!" लेक धावली आणि तिने दुसरा चमचा आणला.

मग एक माझ्या तोंडात, एक तिच्या. मी गिळलं की ती गिळायची. मी "वा" म्हटलं की ती "व्व" करून थोडं माझ्या शर्टावर उडवायची. लेक जमिनीवर बसून हसत होती आणि नाक पुसत होती. विहीणबाईंच्या ओठांची हालचाल मला दिसत होती. त्या चमचे मोजत होत्या, पोटात गेलेले.

"अकरा," त्या म्हणाल्या. चपला घातल्या. दारात थांबल्या. "त्या फॉर्मचं मी बघते. पण सोमवारी चारला तपासायला येणार आहे मी."

"या की," मी म्हटलं. "पण तपासायला उभं कोणी राहायचं नाही आता. येईल त्याने बाईसाहेबांच्या समोर बसायचं आणि वाटीभर हेच खायचं. मीठ मागायचं नाही."

सोमवारी चारच्या ठोक्याला त्या आल्या. गुडघे धरत बसल्या, तोंड वेडंवाकडं केलं, आणि वाटी संपवली.