सुतारपक्षी आणि बाबांचा घास

ओडर नदीकाठचं हे जंगल पोलंडच्या हद्दीला लागून आहे. शरदात पूर्वेकडचे सुतारपक्षी इथे उतरतात. त्यांच्यात क्वचित एखादा संकरित निघतो, ठिपकेवाला आणि सीरियन अशा दोन जातींचा. तसा एक जाळ्यात धरायचा, रक्ताचा थेंब घ्यायचा आणि सोडून द्यायचा, की माझी पीएचडी मार्गी लागणार. हा तिसरा शरद. एवढ्या काळात लोकांची लग्नं होऊन पोरं चालायला लागतात.

त्यात पितृपक्ष. बाबा गेल्या वर्षी गेले. व्हिसाच्या कागदांत अडकल्यामुळे मला दहाव्यालाही जाता आलं नव्हतं, आणि ते अजून सलतं. म्हणून आईने सांगितल्यावर वरणभात आणि उडदाचा वडा घेऊन सकाळीच रानात आले, आणि जागा मोकळी दिसली म्हणून नेमका जाळ्याजवळच्या खुंटावर घास ठेवला. धन्य आहे माझी!

कावळा आला आणि फांदीवर ढिम्म बसून राहिला. तेवढ्यात समोरच्या बर्चच्या झाडावर एक सुतारपक्षीही आला. दुर्बिणीतून पाहिलं. गालावरची काळी पट्टी मानेपाशी अर्धवट तुटलेली, बुडाचा रंग ना धड लाल, ना धड गुलाबी. संकरितच! खोडावरून तो टुकूटुकू खाली, जाळ्याकडे सरकत होता. मी श्वासही जपून घेत होते.

कानात आई फोनवर होती. "शिवला का गं कावळा?"

"नाही," मी कुजबुजले.

"ह्यांची इच्छा राहिलीये. तनया, पीएचडी पूर्ण करीन म्हण. मोठ्याने म्हण, त्यांना कमी ऐकू यायचं."

मी हळूच म्हटलं. कावळा हलला नाही. सुतारपक्षी मात्र जाळ्यापासून हातभर राहिला होता. आता गप्प बसले असते तर सगळं मिळालं असतं. पण मला त्याचा आनंदच होईना. नुसता थकवा होता, हाडांत मुरलेला.

मी उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "बाबा, मी दमले. मला घरी यायचंय."

सुतारपक्षी भुर्रकन नदीपलीकडे गेला. कावळ्याने खाली झेप घेऊन वडा उचलला.

"शिवला," मी सांगितलं.

 आई रडतच म्हणाली, "ते रोज म्हणायचे गं, पोरगी दमलीये, बोलावून घे. मीच त्यांना गप्प करायचे."