गुरुवारची गाडी

निर्मलाबाई गेली तेव्हा जागेश्वर कोंढ्याच्या धान खरेदी केंद्रावर आपल्या पोत्यांपाशी उभा होता. शेजारच्या चंद्रभागाबाईंचा फोन आला. "भाऊजी, पवनीच्या दवाखान्यात या. वहिनीले साप डसला," एवढंच त्या बोलल्या. तो पोचला तेव्हा बायकोच्या तोंडावरून चादर ओढलेली होती.

गाईसाठी धानाचं तणस काढायला ती गेली आणि ढिगाखालून साप निघाला. तिनं पोराला हाका मारल्या. वीरेंद्र ओसरीतच होता, पिऊन पडलेला. मोटरसायकल अंगणात होती, किल्ली त्याच्या खिशात होती. चंद्रभागाबाई धुणं टाकून धावल्या, त्याला गदागदा हलवलं, तोंडावर पाणी मारलं. त्यानं शिवी हासडली आणि कूस बदलली. मग गावात ऑटो शोधण्यात वेळ गेला तो गेला.

अग्नी द्यायला पोरगा लागतो म्हणून जागेश्वर घरी आला. वीरेंद्र तिथंच पडून होता. गालाखाली उलटी वाळली होती, तिच्यावर माशा बसल्या होत्या. पॅंट ओली होती. जागेश्वरनं त्याला पायानं ढोसलं.

"ऊठ. माय मेली."

वीरेंद्रनं एक डोळा उघडला. "कोनाची?"

त्या दिवसापासून जागेश्वर त्याच्याशी बोलला नाही. दोघांनी धरून त्याच्याकडून अग्नी देववला. तेरवीच्या पंगतीत तो पिऊनच बसला होता. जेवणाऱ्यांनी पानावरून माना वर केल्या नाहीत, आणि त्याचीच जागेश्वरला जास्त लाज वाटली.

तेरवीनंतर पोरगी रीता माहेरी थांबली. "बाबा, याले दारू सोडवाच्या सेंटरमंदी टाका," ती म्हणाली. "घरात ठेवून काय करान?"

"टाकाचंच आहे. पन हाडं नरम करनारं सेंटर पायजे."

"बाबा, आपन त्याले बरं कराले नेऊन राहिलो."

पोरगा बरा व्हावा असं जागेश्वरला वाटत होतं की नाही, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. तो डोळ्यासमोरून जावा, एवढं मात्र नक्की वाटत होतं.

दोघं आधी भंडाऱ्याला गेले. रीताच्या नणदेनं सांगितलेलं सेंटर होतं, डॉक्टर रोज येणारं. आत काहीजण कॅरम खेळत होते. एकजण खिडकीत बसून मटार सोलत होता. तिथल्या बाईंनी पहिलाच प्रश्न केला, "मुलगा यायला तयार आहे का?"

"त्याले काय विचाराचं?" जागेश्वर म्हणाला.

"त्यालाच विचारायचं, काका. आम्ही बळजबरीनं ठेवत नाही. आणि दर रविवारी घरच्या माणसानं यायचं. त्याच्यासमोर बसायचं, बोलायचं."

"काय बोलाचं?"

"जे झालं ते."

जागेश्वर उठलाच. जिना उतरताना म्हणाला, "हे सेंटर आहे का सासुरवाडी? मायले मारून हा इथं कॅरम खेळन, आनि मी दर रविवारी त्याचं थोबाड पाहाले येऊ?"

"मायले त्यानं नाई मारलं, बाबा. सापानं मारलं."

"किल्ली सापाच्या खिशात होती काय?"

रीता त्याच्या पुढं होऊन जिना उतरली.

दुसरं सेंटर शहापूरच्या पुढं, हायवेला लागून होतं. आधी तिथं बार होता. त्याच काउंटरमागं आता सेंटरचा मालक बसायचा. सगळे त्याला भय्याजी म्हणत. बोटांत अंगठ्या, कपाळाला टिळा. गेटाला कुलूप होतं आणि ते कुलूप पाहून जागेश्वरला बरं वाटलं.

"काकाजी, मी सोता पेत होतो. गटारात पडून राहत होतो," भय्याजी कौतुकानं म्हणाला. "बोला, तुमाले कसं पायजे? साधं का कडक?" चहा विचारावा तसं त्यानं विचारलं.

"कडक."

"मंग इथंच. सहा महिने भेट नाई, फोन नाई. विक्की! ये बे इकडे."

तिशीचा एक माणूस धावत आला. डोक्याचा गोटा केलेला, अंगाला फिनाइलचा वास.

"तू कोन?"

"कुत्रा, भय्याजी."

"कोनाचा?"

"दारूचा कुत्रा, भय्याजी."

"पावन्याले दाखव."

विक्की गुडघ्यांवर बसला आणि भुंकला. चांगला सराव असल्यासारखा भुंकला. भय्याजी हसला, तसा विक्कीही हसला. त्याचे पुढचे दात नव्हते. रीतानं पदर तोंडाला लावला आणि ती बाहेर जाऊन उभी राहिली.

मागच्या भिंतीवर बायाबाप्यांचे फोटो टांगले होते, सगळ्यांना प्लास्टिकचे हार. "पेशंटचे मायबाप," भय्याजी म्हणाला. "जित्ते आहेत, तरी हार घालतो. रोज सकाळी फोटोपुढं नाक घासाले लावतो. असर पडते." मग त्यानं आवाज खाली आणला. "तुमच्या घरी तं काकू खरंच वारल्या. मंग तं कामच सोपं झालं. मोठा फोटो आना."

निर्मलाबाईचा एकच चांगला फोटो होता, रीताच्या लग्नातला. तो या वासात, या दात पडलेल्या माणसासमोर टांगायचा. पण जागेश्वरच्या कानात परत तेच आलं, कोनाची? तो म्हणाला, "आनतो."

"गुरुवारी सकाळी गाडी पाठवतो. चार पोरं येतीन, उचलून नेतीन. फक्त एक करा, काकाजी. पोरं येन्याच्या आधी त्याले पाजून ठेवा."

"कोनी?"

"तुमीच. घरच्याच्या हातची भरवशानं पेते. भरपूर पाजा, म्हंजे झटापट होत नाई."

बुधवारी दिवे लागायच्या आधी जागेश्वर गावातल्या देशीच्या दुकानात गेला. या दुकानात तो कैकदा आला होता, पोराची मानगूट धरायला. गल्ल्यावरचा पिंटू त्याला पाहताच म्हणाला, "काकाजी, वीरू नाई इथं. मगाच गेला."

"मले पायजे. मोठी बाटली."

बाकड्यांवरचं बोलणं थांबलं. मग कोणीतरी म्हणालं, "घ्या! काकू गेली आनि काकाजी सुटले!"

"पयली वेळ आहे रे पिंटू, काकाजीले चना फुकट दे!"

पिंटूनं खरंच कागदात चणे बांधून दिले. जागेश्वरनं बाटली दुपट्ट्याखाली घेतली. वाटेत ती पोटाला गार लागत होती. मेलेली घूस घेऊन चाललो आहे असं त्याला वाटलं. चणे त्यानं नालीत टाकले.

गुरुवारी सकाळी वीरेंद्र रात्रीची उतरून ओसरीत बसला होता. जागेश्वरनं न बोलता बाटली आणि गिलास त्याच्यापुढं ठेवला.

वीरेंद्रनं बाटलीकडं पाहिलं, मग बापाकडं. त्याचं सुजलेलं तोंड एकदम उजळलं. पवनीच्या बाजारातून खाऊ आणला की लहानपणी तो असाच दिसायचा.

"बाबा, तुमी आनली? माह्यासाठी?"

आणि तो पाया पडला. नुसता वाकला नाही, बापाच्या पावलावर कपाळ टेकवून रडायला लागला. "तुमी मले माफ केलं, बाबा. तुमी देव आहा." त्याची लाळ, शेंबूड, आसवं सगळं पावलावर आलं. शेणात पाय पडल्यासारखा जागेश्वरनं पाय मागं ओढला. बाटली उचलली आणि ओसरीच्या खांबावर आपटली.

वीरेंद्र ओरडला. मग सारवलेल्या जमिनीवर पालथा पडला आणि काचांच्या मधली दारू सदऱ्याच्या बाहीनं टिपून बाही चोखू लागला. ओठ कापला तरी थांबला नाही.

जागेश्वर गोठ्यामागं गेला आणि ओकला. पोटात काही नव्हतं, तरी ओकत राहिला. पोराची किळस आली की आपली, हे त्याला वेगळं करता येईना. पोराला भुंकायला लावणारा माणूस त्यानं स्वतःच्या पायानं चालत जाऊन निवडला होता.

तेवढ्यात गल्लीत गाडीचा हॉर्न वाजला. चार पोरं उतरली, मागून भय्याजी.

"काय काकाजी, हा तं जागाच आहे. काई हरकत नाई. धरा रे!"

"नाई," जागेश्वर आडवा झाला. "गाडी न्या परत."

"गाडी काय फुकट आली काय, काकाजी? उद्या तुमीच फोन करान."

"न्या म्हनलं ना!"

"बरं, फोटो तं देऊन ठेवा. पुढं लागन."

जागेश्वरनं हातात काठी नव्हती तरी हात उगारला. रीता मधे आली. गाडी गेली. चंद्रभागाबाईंच्या अंगणातून सगळे पाहत होते.

रीतानं भावाचा ओठ धुतला, मग भंडाऱ्याच्या सेंटरला फोन लावला. बाई म्हणाल्या, सोमवारपर्यंत एक कॉट रिकामी ठेवते. तो स्वतः हो म्हणाला तरच आणा.

दुपारच्या बसनं रीता सासरी गेली. जाताना म्हणाली, "बाबा, मी नाई विचारनार. तुमीच विचारा. आनि रविवारीबी तुमाले जा लागन."

"विचारतो."

जागेश्वरनं गाईला पाणी दाखवलं, काचा वेचल्या, भात टाकला. दोन ताटं वाढली. बाप आणि लेक समोरासमोर बसून जेवले. वीरेंद्रला खाताना ओठ झोंबत होता. जागेश्वरनं तोंड दोनदा उघडलं आणि दोन्ही वेळा घास घातला.

आज शनिवार आहे. वीरेंद्रला अजून विचारलेलं नाही.