पाळीची हाक

मला गावची बोली कधी आली, ते मलाच ठाऊक नाही. रायपूरकडून बाबांच्या मूळ गावी, केशोरीजवळच्या या गावी, आलो तेव्हा मी, रुख्मा, तीन वर्षांची होते. अंगणातल्या पोरींशी भांडता भांडता ती जिभेवर येऊन बसली. माझ्या आईला, धुरपताला, मात्र एकेक शब्द घाम गाळून मिळवावा लागला.

बाबा तिच्याशी छत्तीसगढीत बोलायचे, तोवर तिचे निभावले. १९५२ साली ते तापाने गेले आणि आई मुकीच झाली. बाबांचा धाकटा भाऊ उमरावकाका पंचांपुढे तिच्या वतीने बोलू लागला. एकदा त्याने आमची मोहाची दोन झाडे स्वतःकडे घेतली आणि "भौजीले कबूल हाये" म्हणून सांगून टाकले. आई शेजारीच बसली होती. काय झाले ते तिला दुसऱ्या दिवशी कळले. त्या दिवसापासून ती हट्टाला पेटली.

गुरू म्हणून तिने मनिराम पाणकराला धरले. तलावाचे पाणी धानाच्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना, सोडायचे काम या म्हाताऱ्याचे. पाण्याच्या दिवसांत तो रोज सकाळी पाळीची हाक द्यायचा: पहिली चैतरामची, त्याच्या खाली कवडूची, असे सत्तावीस जण. जो तो आपल्या वरचे नाव आले की कान टवकारायचा आणि आपले आले की फावडे उचलून चालू लागायचा. आई शेवटपर्यंत ऐकायची. मनिरामच्या मागोमाग चालत तीच हाक घोकायची, अर्थ विचारायची, चुकली की पहिल्यापासून सुरू करायची. बाया फिदीफिदी हसत. मलाही तिची लाज वाटायची, खोटे कशाला सांगू!

पण कवडूनंतर ती दरवेळी थबके आणि एक नाव गाळून पुढे जाई. बाईने नवऱ्याचे नाव घ्यायचे नसते. मनिराम म्हणे, "राहू दे वं माय, तेवढं मी म्हणतो."

तीन वर्षांनी मनिराम गेला आणि नेमका त्याच भादव्यात पाऊस दडून बसला. धान निसवायला आला होता आणि तलावात तीनच पाळ्यांचे पाणी उरले होते. तिसरी पाळी ज्याची, त्याच्या घरी वर्षभराचा भात.

पंच तलावावर जमले. "कवडूच्या खाली माझी पाळी हाये," उमरावकाकाने ठोकून दिले. कवडूला फक्त आपल्या वरचा चैतराम ठाऊक होता.

आई उठली. "थांबा जी. मी सांगतो."

"तुले का समजते भौजी? पोरीले बोलू दे."

आईने मला मागे सारले. "पहिली पाळी चैतरामची. त्याच्या खाली कवडूची. कवडूच्या खाली..." आणि ती थांबली.

काका हसला. ते नाव गाळले की पुढचे नाव त्याचेच होते. "म्हण नं भौजी, काऊन थांबली?"

मी बाबांचे नाव ओरडणार होते, तोच आईने माझे मनगट आवळले.

"कवडूच्या खाली केवळरामची," ती म्हणाली.

बायांनी तोंडाला पदर लावला. आई थांबली नाही. "केवळरामच्या खाली उमरावची. उमरावच्या खाली श्यामलालची..." तिचा उच्चार अजून परकाच होता, पण सत्तावीस नावे तिने एका दमात म्हटली. प्रत्येकाला आपले आणि आपल्या वरचे नाव तेवढे आठवत होते. ते बरोबर आले की तो मान डोलवी. जन्मापासून ऐकलेली हाक त्यांच्यापैकी एकालाही पूर्ण येत नव्हती.

"पाणी केवळरामच्या बांधीत जाईल," पंचांमधला चैतराम म्हणाला. काका फावडे उचलून निघून गेला.

आमच्या बांधीत पाणी शिरले तेव्हा मी आनंदाने आईला बिलगले. घरी आम्ही तिच्याच बोलीत बोलायचो, तशीच बाबांचे नाव पुन्हा घ्यायला सांगितले, "दाई, ददा के नाव का हे? फेर बता ना!"

आईने तोंड उघडले. ओठ हलले, पण तिच्या स्वतःच्या बोलीत ते नाव काही बाहेर येईना.

"रुख्मा के ददा," एवढेच ती म्हणाली आणि बांधीच्या धुऱ्यावर बसून रडू लागली.