पाचव्या महिन्यातलं ग्रहण

“म्हंजी पोटात असल्यापासूनच?” मालनबाईने दुसऱ्यांदा विचारलं.

नगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण चिडल्या नाहीत. मालनबाईच्या नातीच्या, संस्कृतीच्या, मेंदूतल्या गाठीचा तुकडा तपासून आला होता, आणि तिच्या आईला अन् आजीला त्या जमेल तितकं सोपं करून सांगत होत्या.

“हो आजी. बाळ पोटात अगदी इवलंसं असतं, तेव्हा काही पेशी प्रवासाला निघतात. पुढे बाईच्या अंगात बीज तयार होतं, ते त्यांच्यापासूनच. त्यांनी ओटीपोटात पोचायचं असतं. एखादी वाट चुकते आणि डोक्यात जाऊन बसते. वर्षानुवर्षं गप्प राहते, मग कधीतरी वाढायला लागते.”

“मंग पाठीचा फोटू कशाला काढला?” सून रुपालीने विचारलं.

“मेंदूभोवती पाणी असतं, तेच पाठीच्या कण्यातही खेळतं. त्या पाण्यातून गाठीच्या पेशी खाली उतरतात कधीकधी. उतरल्यात का, ते दुपारी कळेल.”

मालनबाईच्या डोक्यात ना पाणी शिरलं, ना पेशी. ‘पोटात असल्यापासून’ एवढंच खिळ्यासारखं ठोकलं गेलं.

पाथर्डीकडची ही बाई, उभा जन्म कोयत्यावर काढलेली, तोंडाची फटकळ. संस्कृती वर्षभर तांब्यावर तांबे पाणी पीत होती, पंधरावं सरलं तरी न्हाण आलं नव्हतं, अंगाने तर दहाचीच दिसे. “आमच्यातल्या पोरी उशिरानंच वाढत्यात,” असं हिनेच भावकीला ठणकावलं होतं. शाळेत फळा दिसेना झाला, तेव्हा कुठे सगळे जागे झाले.

आता बाकावर बसून तिला वेगळंच दिसत होतं. रुपाली पाच महिन्यांची पोटुशी असताना ऊसतोडीवर भरदुपारी सूर्यग्रहण लागलं होतं. ग्रहणात पोटुशीने काही कापायचं नाही, बाळाला खोट राहते, हे टोळीतल्या बायांना मालनबाईच सांगायची. पण गाडी भरायची राहिली होती आणि मुकादम बोंबलत होता. कोपीच्या, पाचटाच्या झोपडीच्या, तोंडाशी उभं राहून तिने सुनेला हाक दिली, “ऊठ गं. गरिबाला कसलं आलंय गिऱ्हान.” रुपाली मुकाट्याने उठली आणि कोयता घेऊन फडात उतरली.

पोरगी झाली तेव्हा मालनबाईने तिचे ओठ, कान, बोटं सगळं निरखून पाहिलं. कुठेच काही नव्हतं. मोहटादेवीला खणनारळ वाहून तिने ती गोष्ट गिळून टाकली. खोट आत असेल, हे तिच्या मनाला कधी शिवलंच नाही.

हनुमंत, तिचा मुलगा, टोळीबरोबर कारखान्यावर होता. त्याचे फोनवर फोन येत होते. “अजून न्हाई कळलं,” एवढंच रुपाली सांगत होती. डब्यातली भाकरी तशीच राहिली.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. “गाठ पाठीत दोन ठिकाणी उतरली आहे,” त्या म्हणाल्या. “आता डोक्याबरोबर पाठीलाही किरणांचा शेक द्यावा लागेल. पण ही गाठ शेकाला दाद देते. पाठीत उतरूनसुद्धा बरीच मुलं बरी होतात.”

रुपालीने टेबलाची कड धरली. मालनबाईला राहवलं नाही.

“बाई, ह्यी पाच म्हयन्याची पोटुशी असताना गिऱ्हान लागलं हुतं. मी हिला ऊस तोडाय लावला. त्याच्यानं झालं का वो?”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. “नाही आजी. पेशी वाट चुकते ती दुसऱ्या महिन्याच्या आसपास. ग्रहणाच्या कितीतरी आधी. आणि ती का चुकते, ते आम्हालाही अजून नीट कळलेलं नाही. यात कुणाचा दोष नाही.”

मालनबाईला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पोरीच्या पाठीत ते उतरलंच होतं.

बाहेर आल्यावर रुपाली भिंतीला टेकली. “आत्या, मला वाटलं तुमी इसरल्या.”

“न्हाई गं.”

“तिला जरा ताप आला की मला तीच दुपार आठवायची. लई राग धरला तुमच्यावर. तुमाला भाकरी वाढतानासुदिक.”

“मंग बोलली का न्हाईस?”

“बोलून काय करनार? एका घरात ऱ्हायचं हुतं.”

मालनबाईने तिच्या हातातली डब्याची पिशवी घेतली आणि दोघी वॉर्डात गेल्या.

सकाळी संस्कृतीच्या पाठीतून तपासणीसाठी पाणी काढलं होतं, म्हणून ती उताणी पडून होती. दोघींची तोंडं पाहून तिने आईला नाही, आजीलाच विचारलं, “काय म्हनल्या?”

रुपालीने खिडकीकडे तोंड फिरवलं. मालनबाई कॉटवर बसली. खोटं बोलणं सोपं होतं, तेवढ्यापुरतं.

“पाठीत उतरलंय. शेक घ्यावा लागन.”

“केस जात्याल?”

“जात्याल. येत्याल माघारी.”

“बरी व्हईन का मी?”

“बऱ्याच जनी व्हत्यात म्हनल्या बाई. आपुन बी त्यातलंच व्हायचं.”

पोरीचे पाय गार पडले होते. मालनबाईने एक पाय मांडीवर घेतला आणि तळवा चोळू लागली. थोड्या वेळाने रुपाली खिडकीपासून आली, कॉटच्या दुसऱ्या कडेला बसली आणि तिने दुसरा पाय घेतला.