गाडी झोपत नाही

वायरमनने बॅटरीच्या काळ्या वायरीभोवती मीटरचा चिमटा अडकवला, बॉनेट मिटलंय असं गाडीला वाटावं म्हणून कडीत पेचकस सारला आणि धाकटीला खूण केली. तिने चावीचं बटण दाबलं. दारं खट्कन बंद झाली, पिवळे दिवे एकदा लुकलुकले.

"आता हिला हात लावायचा नाही," तो म्हणाला. "बोलायचंसुद्धा हळू."

"गाडीला ऐकू येतं?"

"गाडीला नाही, मला. मध्ये कोणी बोललं की माझा आकडा चुकतो."

धाकटी पोर्चच्या पायरीवर बसली. संध्याकाळी कामावरून येऊन तिने अजून पर्सही खांद्यावरून काढली नव्हती. पहिल्यांदा त्याने बॅटरी खराब म्हणून बदलली, नंतर स्टार्टरचा रिले. दोन्ही वेळा पुन्हा तेच. सकाळी गाडी सुरू करायचं बटण दाबावं तर समोरचे काटे थरथरायचे, पुढून टक टक टक आवाज यायचा आणि सगळं काळं व्हायचं. ती रक्ततपासणीच्या लॅबसाठी पहाटे घरोघरी जाऊन नमुने घ्यायची. लोक उपाशीपोटी ताटकळत बसायचे, मग लॅबच्या बाई फोन करायच्या. आजचा फोन मात्र शांत आवाजातला होता. उद्याही उशीर झाला तर तुमच्या जागी दुसरी बघते, एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

"माझ्या गॅरेजमध्ये गुणी बाळ," वायरमन मीटरवरची नजर न काढता पुटपुटला. "तुमच्या दारात आली की रात्रभर जागरण. म्हणून म्हटलं, आजारी माणूस घरी येऊनच बघावा."

"पण झालंय काय तिला?"

"झोपत नाही. या नव्या गाड्यांना कुलूप लावलं तरी आतले कॉम्प्युटर लगेच गप्प बसत नाहीत. माहेरी आलेल्या बहिणींसारखे बोलत राहतात. मग एकेक जण पेंगतो. सगळे झोपले की बॅटरीचा खर्च नसल्यासारखाच. हिला कोणीतरी झोपूच देत नाही."

आकडा उतरत गेला. थबकला, पुन्हा उतरला, शेवटी जवळजवळ शून्यावर येऊन टेकला.

"झोपली," तो कुजबुजला.

धाकटीला गाडीचा हेवा वाटला.

तेवढ्यात पिवळे दिवे लुकलुकले. आकडा टुणकन वर गेला.

"दाबलंत?"

"मी? चावी पर्समध्ये आहे."

"पर्स घ्या आणि पार कोपऱ्यापर्यंत जा. मी हाक मारेपर्यंत येऊ नका."

ती गल्लीच्या टोकाला बंद दुकानाच्या फळीला टेकून उभी राहिली. इथे तिच्याकडे कोणी काही मागत नव्हतं. त्याने आणखी बराच वेळ हाक मारली नसती तरी तिची तक्रार नव्हती. मग लांबून तिला दिसलं. पोर्चमध्ये गाडीचे दिवे लागले आणि विझले. वायरमन बाजूला हात बांधून उभा होता.

"दुसरी चावी कुठाय?" ती परत येताच त्याने विचारलं.

"हरवली. ताईला झटका आला त्या दिवशी, हॉस्पिटलच्या धावपळीत."

"हरवलेली चावी स्वतःचं बटण दाबत नाही, मॅडम."

दोघांनी एकदमच पोर्चच्या खिडकीकडे पाहिलं. ताई घरी आल्यावर उजेड मिळावा म्हणून धाकटीनेच तिचा पलंग या खिडकीशी ओढून घेतला होता.

गाडी ताईचीच. धाकटीला चालवायलाही तिनेच शिकवलं होतं, तेही तोंडाचा पट्टा सोडून. ब्रेक दाबतेस की झुरळ मारतेस, असं भर चौकात ओरडायची. झटक्याने उजवं अंग गेलं आणि ती सगळी भाषाही गेली. एकच शब्द मागे राहिला: नको. चहाला नको, गोळीला नको, उशी नीट करू का विचारलं तरी नको. प्रत्येक नको वेगळा होता. सुरुवातीला धाकटी तांदळातले खडे निवडावेत तसे ते निवडायची. हा हो म्हणणारा, हा खरा नको. मग दमली. आता नको म्हणजे नको. कप उचलायचा आणि परत न्यायचा.

ती दारात थांबली. ताईची नजर छताला होती. पांघरुणाखाली डावा हात किंचित हलला आणि खिडकीतून आलेला पिवळा उजेड छतावर पसरून ओसरला. तो पूर्ण विझेपर्यंत ताई बघत राहिली. मग पुन्हा हात हलला. पुन्हा गाडीने ओ दिली.

"ताई, दे ती."

"नको."

हा खरा होता, धाकटीला कळलं. तरी तिने एकेक बोट सोडवलं.

बाहेर वायरमनने नखाने चावी उघडली आणि आतला बटणासारखा सेल तळहातावर काढला.

"आता मुकी झाली. अशीच देऊन टाका त्यांना. खेळायला काय..." तिच्या चेहऱ्याकडे बघून तो अडखळला. "म्हणजे, हातात असू दे. आपली वस्तू."

त्याने पुन्हा मीटर लावला. धाकटी चावी घेऊन आत गेली आणि तिने ती ताईच्या हातात ठेवली.

ताईने बटण दाबलं. छताकडे पाहिलं. पुन्हा दाबलं. मग हात जमेल तेवढा उचलून चावी खिडकीकडे रोखली. गर्दीच्या पार्किंगमध्ये गाडी कुठे लावली ते विसरली की ती असंच करायची. छत कोरंच राहिलं. ताईने चावी छातीवर ठेवली आणि डोळे मिटले. नकोसुद्धा म्हणाली नाही.

धाकटीने कपाटाकडे पाहिलं. ताईला हाक मारता यावी म्हणून आणलेली घंटी वरच्या फळीवर होती. ताई घरी आली तेव्हा ती उशाशीच ठेवली होती. एकदा धूळ पुसताना धाकटीने ती वर ठेवली आणि ती तिथेच राहिली. त्याआधी ती वाजली की धाकटी "आता काय?" म्हणतच खोलीत यायची.

चवड्यांवर उभं राहून तिने घंटी काढली, बाहीने पुसली आणि ताईच्या डाव्या हाताशी ठेवली. ताईने डोळे उघडले नाहीत.

धाकटीचा हात पर्समध्ये गेला. रुमाल, हातमोजे, त्याखाली तिची स्वतःची चावी. तिने बटण दाबलं.

छतावर पिवळा उजेड पसरला.

ताईने डोळे उघडले. छताकडे पाहिलं, छातीवरच्या चावीकडे पाहिलं आणि मग धाकटीच्या कोपरापर्यंत पर्समध्ये बुडालेल्या हाताकडे. तोंडाची हलणारी बाजू वर गेली.

"नको!" ताई म्हणाली.

हा नको भर चौकातला होता. धाकटीला हसू फुटलं. स्टूल ओढून ती बसली.

"मॅडम!" बाहेरून वायरमन वैतागला. "आता कोणी उठवलं?"

"मी," ती म्हणाली. "मीच. आता झोपेल ती."

पलंगावर घंटी वाजली, एकदाच.

"ओ," धाकटी म्हणाली, समोरच बसलेली असून.