वेईक्कोचा तळहात

खिडकीबाहेर गोठलेली खाडी.

मशिनीच्या कपाटाला शकुन म्हणून बांधलेली बर्चची डहाळी.

जुन्याहून कितीतरी चपळ असा नवा प्रोसेसर.

लोकरी मोजे घातलेल्या माणसांचा घोळका, श्वास रोखून.

"सिर्कूने आज कशालाही हात लावायचा नाही," साहेबाने बजावलं.

हे फिनलंडमधल्या ओउलूतलं आमचं ऑफिस, आणि घोळका जमलाय तो वेईक्को राउतिओलाचा चमत्कार बघायला. नव्या मशिनीत आमचं नेटवर्क कार्ड जागंच होत नव्हतं. आम्ही त्याला वीज द्यायचो, लगेच ड्रायव्हर, म्हणजे कार्डाशी बोलणारा प्रोग्रॅम, चालवायचो. ड्रायव्हर 'कार्ड मेलं' म्हणायचा आणि वीज तोडायचा. पुन्हा पहिल्यापासून तेच.

वेईक्को वीज द्यायचा, कार्डावर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचा. मग ड्रायव्हर. हिरवा दिवा!

"चिप म्हणजे रानातलं पाखरू," वेईक्को महाराज सांगायचे. "ती माणूस ओळखते. जन्म गेला माझा तिच्याशी बोलण्यात."

"आणि ती काय म्हणते?" सिर्कूने विचारलं.

"म्हणते, सिर्कूचे हात थंड आहेत."

घोळका खो खो हसला. ड्रायव्हरच्या कोडला शेवटचा हात तिचा लागला होता, म्हणून प्रत्येक मेलेलं कार्ड तिच्या नावावर. आमचा साहेब पेंत्ती सगळ्यांदेखत म्हणाला, "शुक्रवारपर्यंत दोष शोध, नाहीतर दुसरी नोकरी शोध."

बाकीच्यांनी तळहात लावून पाहिले. कुणी कॉफीच्या कपावर शेकून, कुणी डांबराचं मलम चोळून. यान्नेने तर गाल लावला. एका हाताने स्पर्श, दुसऱ्याने लगेच ड्रायव्हर. कार्ड ढिम्म.

शुक्रवारी सिर्कूने वीज दिली आणि डब्यातून पिराक्का काढला, भाताचं सारण भरलेली आमच्याकडची कचोरीच. त्यावर अंडं-लोणी फासलं. खाल्ला. बोटं पुसून तिने ड्रायव्हर चालवला.

हिरवा दिवा.

"हात कुठे लावलास?" पेंत्ती.

"पिराक्क्याला."

कुणी हसलं नाही.

"चिपला उठायला जरा वेळ लागतो," ती म्हणाली. "ड्रायव्हर तिच्या रजिस्टरमध्ये डोकावतो: झालीस तयार? हजारदा विचारतो आणि हात टेकतो. जुन्या मशिनीत हजारदा विचारेपर्यंत ती उठायची. नव्या मशिनीत हजार प्रश्न पापणी लवायच्या आत संपतात. वेईक्को फक्त गप्प उभा राहतो. आणि गप्प राहणं म्हणजे काही करणं, असं आपल्याकडे कुणाला वाटतच नाही. म्हणून तुम्ही सगळ्यांनी तळहात पाहिला."

"हा हजारदा विचारणारा लूप लिहिला कुणी?" पेंत्तीने विचारलं.

"वेईक्कोने."

"वेईक्को, तुला माहीत होतं?"

"कुणी विचारलं मला?" महाराजांचा तळहात खिशात गेला होता.

सिर्कूने तसले सगळे लूप खोडले. त्यांच्या जागी एकच तयार फंक्शन बसवलं: बघ, थोडं थांब, पुन्हा बघ; ठरलेली मुदत संपली, तर सरळ सांग, नाही उठली. मोजायचा तो वेळ, प्रश्न नव्हेत. पानंच्या पानं आटून चार ओळी उरल्या. डहाळी कचऱ्यात गेली.

वाचकहो, चमत्कार दिसला की त्यातली एकेक गोष्ट काढून बघा. हात काढा, मंत्र काढा, डोळे मिटणं काढा. जे काढल्यावर चमत्कार बंद पडतो, ते कारण. बाकीचा तमाशा. आणि तमाशात ज्याच्यावर बोट रोखलं जातं, त्याला आधी बोलू द्या.

सिर्कूच्या जागेवर नवा माणूस पेंत्तीने मुदत संपायच्या आधी, बुधवारीच घेतला होता, वेईक्कोच्या पसंतीने.