पाण्यावर धरलेले पिल्लू

तृप्तीने ओढणीच्या टोकाने कॅमेऱ्याची काच पुसली. काच स्वच्छच होती. तरी तिने ती उजेडात धरून पाहिली, पुन्हा पुसली आणि होडीच्या काठावर गुडघा टेकवून लेन्स समुद्राकडे रोखली.

"तो पाह्य वहिनी, डाव्या बाजूनं! गेला... बुडला. थांब, आता निघंल परत."

शिवानी पाहत होती की नाही, कळत नव्हते. लाइफ जॅकेटच्या पट्ट्यांत बोटे अडकवून ती होडीच्या पुढच्या टोकाला बसली होती. दोन पाठी पाण्यावर आल्या, चकाकल्या आणि खाली गेल्या. तृप्तीने धडाधड फोटो काढले, लगेच पडद्यावर पाहिले, तोंड वाकडे केले आणि परत उभी राहिली.

मालवणच्या किनाऱ्यावर डॉल्फिनचा अभ्यास करणाऱ्या एका गटात ती काम करी. पाठीवरच्या पराचे, म्हणजे उभ्या पंखाचे, फोटो घ्यायचे, कुणाचा पर कुठे फाटला आहे, कुणाच्या अंगावर जाळ्याचा व्रण आहे, हे पाहून एकेकाला ओळखायचे. तिच्या गावी, पांढुर्ण्यात, हे काम कुणाला समजावून सांगता येत नसे. "पोरगी समुद्राच्या कामावर आहे," एवढे सांगून तिचे वडील रघुनाथराव बोलणे संत्र्याच्या बहराकडे वळवीत.

शिवानी तिच्या भावाची, प्रफुल्लची बायको. तिला इकडे पाठवले ते पुष्पाबाईंनी, तृप्तीच्या आईने.

"घेऊन जाय तिले. पाणी पाहीन तं जीव रमंल," त्या म्हणाल्या होत्या. आणि शिवानी चपला घालायला बाहेर गेल्यावर हळूच, "पण ते गोष्ट काढू नको बरं."

ती गोष्ट म्हणजे उन्हाळ्यात नागपूरच्या दवाखान्यात झालेली मुलगी. पोटातच गेलेली. ऑपरेशननंतर शिवानी शुद्धीवर यायच्या आत मोठ्यांनी सारे ठरवून टाकले. दाखवायची नाही, पाहिले की जीव अडकतो. नंतर जामसांवलीच्या मारुतीचा प्रसाद आला, पाळणा कुणाकडे तरी गेला, आणि घरात बाकी सगळ्या विषयांवर बोलणे सुरू झाले.

इथे आल्यापासून तृप्तीही तेच करीत होती. भरती-ओहोटी, खेकडे, सुरमईचा भाव, सौंसरला उघडलेले नवे कपड्यांचे दुकान. बोलायचे संपले की ती बॅग उपसून परत भरायची. गप्प बसले की हात स्वस्थ राहत नसत.

"ताई, थंय बघा," होडी चालवणारे तांडेलकाका म्हणाले. "एक डॉल्फिन कायतरी ढकलता हा."

तृप्तीने लेन्स वळवली. आधी वाटले, प्लास्टिक असेल. मग वाटले, जाळ्याचा तुकडा. तिने चित्र जवळ ओढले.

करड्या रंगाचे, लिबलिबीत काहीतरी एका मोठ्या मादीच्या तोंडावर आडवे पडले होते. लाट आली की ते घसरे. मादी खाली बुडी मारी आणि त्याला अलगद वर आणी. पुन्हा घसरे, पुन्हा ती वर आणी. दोन डॉल्फिन तिच्या दोन्ही अंगांनी पोहत होते, पण जवळ येत नव्हते.

तृप्तीचे बोट बटणावर होते. तिने कॅमेरा खाली घेतला.

"काका, होडी वळवा."

"काऊन?"

शिवानी बोलली होती. ती केव्हा उठून उभी राहिली, तृप्तीला कळले नव्हते.

"तिकडे काही नाही वहिनी. त्या खडकापाशी जास्त दिसतात."

"मेलेलं आहे ना वं ते?"

तृप्ती कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला गुंडाळत राहिली.

"मले दिसून राहिलं, तृप्ती."

"हौ."

काकांनी न विचारताच इंजिन बंद केले. होडीच्या अंगावर पाणी चापट्या मारू लागले.

"तिले समजत नसंल?"

"समजत असंल. कधीकधी आठ-आठ दिवस घेऊन फिरतात. खाणंपिणंही सुटते."

"अन् ते दोघं?"

"तिच्या संगतीचे आहेत. तिच्यासाठी हळू चालून राहिले."

"तिच्यापासून घेत नाहीत?"

"नाही."

शिवानी काठ धरून खाली बसली.

"भूल उतरली तवा सगळ्यांचे हात रिकामे होते," ती पाण्याकडे बघत म्हणाली. "तुझ्या दादाले विचारलं, तं तेच रडायले लागले. मंग मी विचारलंच नाही कोणाले." तिने मान वळवली. "कशी होती वं?"

तृप्तीला आईचे शब्द आठवले. त्याच्यामागोमाग गाडीची मागची सीट आठवली. रघुनाथराव गाडी चालवत होते, प्रफुल्ल दवाखान्यात थांबला होता, आणि पांढऱ्या टॉवेलमधली ती तृप्तीच्या मांडीवर होती. नागपूरहून पांढुर्ण्यापर्यंत वडिलांनी गाडी कुठे थांबवली नव्हती. सावरगावच्या अंगाला, जाम नदीच्या काठी खड्डा खणून तयार होता. तिथे त्यांनी दोन्ही हात पुढे केले, आणि तृप्तीला ती देता येईना. ते तसेच हात पसरून उभे राहिले होते. त्या वाटेबद्दल नंतर तिला कुणी काही विचारले नव्हते.

"केस होते," तृप्ती म्हणाली. "लय दाट. कपाळावर आलेले."

शिवानी पूर्ण तिच्याकडे वळली.

"उजव्या कानाची पाळी थोडी दुमडलेली होती, तुझी आहे तशी. नाक आमच्या बाबाचं. बोटं लांब लांब. डाव्या हाताची मूठ बंद होती. मी उघडून पाहिली. मंग परत बंद केली."

"रंग?"

"दादावानी. सावळी. भुवया अशा बारीक, जशा कोणी काढल्या."

"जड होती?"

"होती. माझ्या पायाले मुंग्या आल्या. पण मी कुठंच ठेवली नाही तिले, वहिनी. दवाखान्यापासून नदीपर्यंत माझ्याजवळच होती."

शिवानीचा हात कानाकडे गेला. तिने वाऱ्याने उडालेले केस मागे सारले, आणि बोटे पाळीवरच राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. ते पुसायचे तिच्या ध्यानात आले नाही. तृप्ती सरकत सरकत तिच्याजवळ जाऊन बसली. तांडेलकाका पाठ फिरवून दोरी गुंडाळत होते.

"फोटो काढ ना," मादीकडे बोट करून शिवानी म्हणाली.

"राहू दे वहिनी."

"काढ. त्या दोघींचा, संगं."

तृप्तीने कॅमेरा उचलला. चित्र हलत होते. शिवानीने तिच्या खांद्यावर हात ठेवून दाबून धरला. मादीने पिल्लाला पुन्हा वर आणले, उन्हात त्याची पाठ क्षणभर कोरडी दिसली, आणि तृप्तीने बटण दाबले.

बंदराचा धक्का जवळ आला तसा शिवानीचा फोन वाजला. इंजिनच्या आवाजात ऐकू यावे म्हणून तिने स्पीकर लावला.

"दिसले का वं मासे?" पुष्पाबाई ओरडून विचारत होत्या.

"दिसले ना आई. माय-लेकी होत्या."

"बरं झालं बाप्पा! फोटो काढला का? पाठव आमाले, शेजारचे मनोहरभाऊ बसले आहेत, त्याइलेही दाखवतो."

तृप्तीने फोनकडे हात नेला. शिवानीने मानेनेच तिला नको म्हटले.

"पाठवत नाही, आई. मी घरी येऊन दाखवते," ती म्हणाली. "सगळ्याइले जवळ बसवून दाखवते. अन् आपल्या पोरीचंही बोलू."

शिवानी फोन कानाशी न नेता तसाच समोर धरून पुष्पाबाईंच्या उत्तराची वाट पाहत राहिली.